डॅशबोर्डखालचा फ्यूज बॉक्स घरी बदलावा का? (२०१३ ची हॅचबॅक, पेट्रोल + सीएनजी)

गुलमोहरतळी

मंडळी, गाडी २०१३ ची पेट्रोल हॅचबॅक. मागच्या मालकाने बाहेरून सीएनजी किट बसवून घेतलेलं. राहायला गंगापूर रोडला, पार्किंग उघड्यावर, झाडाखाली. पाऊस सुरू झाल्यापासून गाडीच्या अंगात आल्यासारखं चाललंय. वायपर आपोआप एक फेरी मारून गप्प बसतो, रात्री सेंट्रल लॉक मधूनच टकटक करतं, ब्लोअर चौथ्या स्पीडला दम टाकतो आणि दोन दिवस गाडी उभी राहिली की सेल्फ लागत नाही. बॅटरी गेल्या दिवाळीतलीच आहे, तिला दोष देता येत नाही.

स्टिअरिंगखाली उजव्या गुडघ्याजवळचं कव्हर काढून बघितलं. फ्यूज बॉक्सच्या वरच्या कडेच्या पिनांवर हिरवा कळंक चढलाय. ब्लोअरचा ३० अँपिअरचा फ्यूज ज्या खाचेत बसतो तिथलं प्लास्टिक एका बाजूने तपकिरी होऊन थोडं वितळलंय.

गॅरेजवाला म्हणतो आख्खा बॉक्स बदला. कोटेशन बॉक्स आणि मजुरी मिळून पाच आकडी. दुसऱ्याने सांगितलं, "कशाला खर्च करता, ब्लोअरची वायर बॅटरीतून डायरेक्ट मारून देतो." त्याला हात जोडून घरी आलो.

पाने, मल्टिमीटर घरात आहे, हात बऱ्यापैकी चालतो. विचारायचं ते असं, की बॅटरी काढली म्हणजे सगळं सुरक्षित झालं का? एअरबॅगचं काय? आणि नवा बॉक्स लावला की गाडी तशीच चालू होते की काही प्रोग्रामिंग लागतं?

तर्रीबाज

वाचतोय. मिसळ मागवून बसलोय.

तारामंडळ

नाशिक रोडला गाड्यांच्या वायरिंगचंच काम करतो, म्हणून जरा लांब लिहितो.

भाऊ, बॉक्सकडे नंतर येऊ. तुमच्या गाडीला दोन वेगळे रोग दिसतायत. हिरवा कळंक पाण्याचा आहे. तपकिरी प्लास्टिक उष्णतेचं आहे. पाण्याने खाच अशी करपत नाही आणि उष्णतेने कळंक चढत नाही. दोन्हीची कारणं न शोधता नवा बॉक्स लावलात तर पुढच्या श्रावणात तोही असाच होईल. गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येतं ते याच कामासाठी, आणि तेव्हा शिव्या नव्या बॉक्सला पडतात.

पाणी कुठून येतंय ते आधी बघा. ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट नाही, त्याखालचा गालिचा उचला आणि फोम दाबून बघा. ओला असेल तर पाण्याचा वास घ्या. गोडसर वास आणि बोटाला चिकटपणा असला तर ते कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी), म्हणजे हीटर कोर, डॅशमागचा हीटरचा छोटा रेडिएटर, गळतोय, भानगड वेगळी. साधं पाणी असेल तर संशयित तीन. वायपरखालच्या जाळीचा निचरा तुंबलाय, पुढच्या काचेचं सीलंट कोपऱ्यात सुटलंय, किंवा इंजिनच्या बाजूने वायरिंग आत येतं तिथला रबरी ग्रोमेट फाटलाय. एसीचं पाणी आपल्याकडच्या गाड्यांत बहुतेक वेळा डाव्या बाजूला उतरतं, त्यामुळे ते शेवटी.

करपलेल्या खाचेचं कारण जवळपास नेहमी एकच असतं. पकड सैल. फ्यूजच्या पायाला धरणारी स्प्रिंगची पाती फाकली की तिथे जागा तापते. मोठा फ्यूज घालून हा आजार बरा होत नाही, वाढतो. फ्यूज ब्लोअरला वाचवायला नसतोच, तो मागच्या वायरला वाचवायला असतो. वायर ज्या जाडीची आहे त्या जाडीला ३० चा हिरवा दिलाय, तर तिथे ४० चा घातल्यावर फ्यूज शाबूत राहील आणि वायर पेटेल. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेले फ्यूज अजूनही सापडतात, काय सांगू.

"डायरेक्ट मारून देतो" म्हणणाऱ्याला हात जोडलेत ते उत्तम केलंत.

जुगाडू_सिडको

एवढं काय त्यात. किल्ली काढायची, कप्लर (वायरींच्या टोकाचे प्लास्टिकचे जोड) काढायचे, नवा बॉक्स लावायचा. बॅटरी काढली की घड्याळ जातं, रेडिओची स्टेशनं जातात. मी तर कधीच काढत नाही.

तारामंडळ

जुगाडू भाऊ, किल्ली काढल्यावर इग्निशनच्या लायनी मरतात. बॉक्समध्ये येणारी मेन वायर बॅटरीतून मोठ्या फ्यूजमधून आलेली असते आणि ती किल्ली काढूनही जिवंत असते. डॅशच्या खाली उताणं पडून, एका हाताने पाना फिरवताना, पान्याचं दुसरं टोक स्टिअरिंगच्या लोखंडी ब्रॅकेटला टेकायला कितीसा वेळ लागतो? मोठा फ्यूज उडेपर्यंत शेकडो अँपिअर जातात आणि ठिणगी तुमच्या तोंडासमोर उडते. त्यापेक्षा घड्याळ लावलेलं परवडलं.

काढताना आधी मायनस, लावताना मायनस शेवटी. कारण साधं आहे, सगळी बॉडी मायनसला जोडलेली आहे. आधी प्लस सोडवायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट. मायनस सुटलेली असली तर टेकू दे कुठेही.

ओहम्_शांती

अंबडला इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये आहे. गुलमोहरतळी, हातात मीटर आहे तर बॉक्स काढण्याआधी दोन आकडे घ्या, तर्क करत बसण्यापेक्षा बरं.

एक, व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वाटेतल्या जोडात किती व्होल्ट वाया जातात ते. इंजिन चालू, ब्लोअर चौथ्यावर. मीटर डीसी व्होल्टवर. लाल टोक बॉक्सच्या मेन वायरच्या नटावर, काळं टोक ब्लोअरच्या फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या ठिपक्यांपैकी ब्लोअरकडच्या बाजूवर. निरोगी जागी ०.१ ते ०.२ व्होल्टच्या आसपास दिसायला हवं.

दोन, गाडी झोपल्यावर किती करंट खाते. मायनस सोडवून मीटर १० अँपिअरच्या रेंजवर मध्ये जोडायचा, दारं बंद, लॉक करून अर्धा तास थांबायचं, कारण गाडीतले कंट्रोलर लगेच झोपत नाहीत. ५० मिलीअँपिअरच्या आत असेल तर ठीक. मीटर जोडलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज जाईल.

गुलमोहरतळी

घेतले आकडे. ब्लोअरच्या फ्यूजवर ०.९ व्होल्ट. तुलनेसाठी मागच्या काचेच्या डीफॉगरवर घेतला, तिथे ०.१२. झोपलेल्या गाडीचा करंट ३९० मिलीअँपिअर, मधूनच वरखाली होतो.

गालिचाखालचा फोम पिळला तर पाणी निघालं. वास नाही, चिकट नाही.

ओहम्_शांती

मग हिशोब सोपा आहे. ब्लोअर फुल स्पीडला ढोबळ १५ अँपिअर घेतो असं धरा. ०.९ गुणिले १५, म्हणजे साडेतेरा वॅट. ही सगळी उष्णता नखाएवढ्या जागेत, प्लास्टिकच्या पोटात. साधी सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते, आणि तुम्ही तिच्या निम्म्याहून जास्त ताकदीचं टोक त्या खाचेत लावून एसीत फिरताय. फ्यूज मात्र उडणार नाही, कारण करंट १५ च आहे, ३० नाही. लोक इथेच फसतात, फ्यूज शाबूत म्हणजे सगळं आलबेल असं समजतात.

आणि ३९० मिलीअँपिअर म्हणजे ४८ तासांत जवळजवळ १९ अँपिअर-तास. हॅचबॅकची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची. दोन दिवसांत निम्म्याहून खाली, सेल्फ कुठून लागणार.

द्राक्षबाग

पिंपळगाव बसवंतहून. आमच्या जुन्या सेडानचा आतला बॉक्स मी आणि भावाने घरी बदललाय, म्हणून एअरबॅगबद्दल लिहिते.

बॅटरी काढली तरी एअरबॅगच्या कंट्रोलरमध्ये कपॅसिटर असतो, अपघातात बॅटरी तुटली तरी बॅग फुगावी म्हणून. तो रिकामा व्हायला वेळ लागतो. गाडीच्या पुस्तकात एक ते तीन मिनिटं असं काहीतरी लिहिलेलं असतं. आम्ही मायनस काढून चहा प्यायलो आणि मग हात लावला. पिवळ्या रंगाचे कप्लर आणि पिवळ्या नळीतल्या वायरी एअरबॅगच्या, त्यांना टेस्ट लॅम्प किंवा मीटरचा ओहम रेंज लावायचा नाही. मीटर स्वतःच्या बॅटरीतून थोडा करंट सोडतो, तेवढासुद्धा तिथे नको.

बॅटरी काढण्याआधी ड्रायव्हरची काच खाली करून ठेवा, डिकी इलेक्ट्रिक लॉकची असेल तर उघडी ठेवा, आणि किल्ली खिशात. गाडीत नाही.

प्रोग्रामिंगचं गाडीवर अवलंबून आहे. काही गाड्यांत बॉक्स म्हणजे नुसत्या पट्ट्या आणि खाचा. काहींत त्याच्याच पाठीला बॉडी कंट्रोल मॉड्यूल चिकटवलेलं असतं, इंडिकेटर, लॉक, वायपर सगळं त्याच्याकडे. आणि काहींत इमोबिलायझरचं, म्हणजे ओळखीची किल्ली नसेल तर इंजिन सुरू होऊ न देण्याचं, कामही तेच करतं. आमच्या शेजाऱ्यांनी मुंबईहून कुर्ल्यातून जुना बॉक्स आणला, दिसायला हुबेहूब. लावला, तर डॅशवर किल्लीचं चित्र लुकलुकत राहिलं आणि इंजिन काही पेटेना. शेवटी स्कॅनरवाल्याला बोलवून किल्ल्या नव्याने ओळख करून घ्याव्या लागल्या.

तारामंडळ

ताईंनी मुद्द्याचं सांगितलं. गुलमोहरतळी, बॉक्स खाली घेऊन पाठीमागे बघा. मॉड्यूल क्लिपांनी वेगळं निघत असेल तर नशीबवान आहात, तुमचं जुनं मॉड्यूल नव्या बॉक्सला लावा, किल्लीची भानगडच नाही. एकजीव असेल तर पार्ट नंबर घेऊन आधी विचारा, मग पैसे द्या.

पार्ट नंबर बॉक्सवरच्या स्टिकरवरचा घ्या, मॉडेलच्या नावावरून नको. एकाच वर्षाच्या एकाच गाडीचे बॉक्स वेगळे असतात. पॉवर विंडो दोन का चार, फॉग लॅम्प आहेत का, एअरबॅग, एबीएस, त्यानुसार आतल्या पट्ट्या बदलतात. शेवटचं अक्षर चुकलं तरी कप्लर बसतील आणि मग मागचा वायपर चालणार नाही.

ओझरकर

जुना घ्यायचाच असेल तर नाशिकमध्ये कुठे बघावं? पूर्वी अंबड लिंक रोडला सगळं मिळायचं.

तारामंडळ

तो भंगार बाजार महापालिकेने २०१७ मध्ये उठवला. विखुरलेले लोक आहेत अजून, पण फ्यूज बॉक्स जुना घेऊच नये या मताचा मी आहे. दरवाजा, बंपर, आरसा जुना घ्या. बॉक्समधल्या पट्टीची ताकद बाहेरून दिसत नाही, आणि गाडी कुठल्या पुरातून आलीय हे विकणारा सांगत नाही. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरानंतर गोदाकाठच्या गाड्या माझ्याकडे आल्या होत्या. वरून धुऊन-पुसून चकाचक, आणि कप्लर उघडला की गाळाची पुटं. अशा गाड्यांचे सुटे भाग पुढे कुठल्या कुठे जातात.

जुगाडू_सिडको

बदलायचा कशाला पण? करपलेल्या खाचेची तेवढी पिन बदलून मिळते की. कळंकाला सँडपेपर मारा.

तारामंडळ

पिनेचं बरोबर बोललात. नुसती एक खाच करपली असती आणि मागून पिन सुटी निघणाऱ्या जातीचा बॉक्स असता तर मीही तेच केलं असतं, वायरसकट नवी पिन क्रिंप करून, म्हणजे पान्याने दाबून पक्की बसवून. इथे आतल्या पट्ट्या प्लास्टिकमध्ये गाडलेल्या आहेत आणि वरची आख्खी ओळ हिरवी आहे. शिवाय ३९० मिलीअँपिअर गळतोय तो त्याच ओलसर कळंकातून, असा माझा अंदाज.

सँडपेपर मात्र नको. पिनेवर कथिलाचा पातळ थर असतो, तो खरवडला की पितळ उघडं पडतं आणि पुढच्या वेळी दुप्पट वेगाने कळकतं. कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे आणि मऊ ब्रश. हार्नेसच्या (गाडीच्या वायरींच्या जुडग्याच्या) बाजूच्या पिनांवर थोडाफार कळंक असेल तर तेवढ्याने निघतो. खोल गेलेला असेल तर ती पिन बदलायचीच. नव्या बॉक्सला जुनी हिरवी पिन जोडली तर संसर्ग परत तिथूनच.

गुलमोहरतळी

थोडं शोधकाम झालंय, सांगतो.

वायपरच्या मुळाशी जी काळी जाळी असते ती काढली. गुलमोहराच्या पानांचं बारीक चूर्ण जाळीतून आरामात आत जातं, ते खाली बसून चिखलाचा थर झालाय, उजव्या कोपऱ्यातलं निचऱ्याचं भोक त्याखाली गडप. मगने पाणी ओतलं तर ते तिथेच साचलं, तळं झालं. आणि बायकोने आतून टॉर्च मारला तर पाण्याचा थेंब इंजिनकडून येणाऱ्या जाड हार्नेसवरून ओघळत, बॉक्सच्या वरच्या कडेला लटकून, मग कप्लरमध्ये उतरताना तिला दिसला.

ग्रोमेट मूळचा चांगला आहे, पण सीएनजी बसवणाऱ्याने त्याला ब्लेडने चीर देऊन स्वतःचं वायरिंग त्यातूनच आत आणलंय. सीलंट वगैरे काही नाही.

आता खरी गंमत. त्याच वायरिंगमधली एक लाल वायर बॉक्सपर्यंत येते आणि ब्लोअरच्या खाचेत, फ्यूजच्या पायाशेजारी, नुसते तांब्याचे केस पिळून कोंबलेत. वर फ्यूज दाबून बसवलाय. मी आधी कव्हरच्या सावलीत बघितलं तेव्हा हे दिसलंच नव्हतं.

ओहम्_शांती

संपलं. एकाच वायरने पाणीही आणलं आणि खाचही फाकवली.

तारामंडळ

रोजचं आहे हे. किटला इग्निशनची लाइन हवी असते, आणि किल्ली फिरवल्यावर जिवंत होणारी सगळ्यात सोयीची खाच ब्लोअरची. म्हणून तिथे. फ्यूजच्या पायाशेजारी तार कोंबली की पाती कायमची फाकते, नंतर तार काढली तरी परत आवळत नाही. त्यात त्या सीएनजीच्या वायरला स्वतःचा फ्यूज आहे का बघा. नसेल तर ती बारीक वायर ३० अँपिअरच्या भरवशावर गाडीभर फिरतेय.

गुलमोहरतळी

नाहीये फ्यूज. उघडी तशीच गेलीय.

तारामंडळ

मग कामाचा क्रम असा ठेवा, बाकी इथल्या लोकांनी सांगितलंच आहे.

पहिलं पाणी बंद. निचऱ्याचं भोक मोकळं करा, तारेने खुपसू नका, खाली रबरी नळी असेल तर फाटेल. ग्रोमेट नवा मिळाला तर उत्तम, नाहीतर चिरेत न्यूट्रल क्युअर सिलिकॉन भरा. व्हिनेगरसारख्या वासाचं नको, त्याने तांबं खराब होतं. ग्रोमेटच्या बाहेर वायरिंगला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी झोळाच्या तळातून टपकेल, आत चढणार नाही. मग परत पाणी ओतून बघा आणि फोम उन्हात वाळवा. हे होईपर्यंत नव्या बॉक्सची पिशवी फोडू नका.

बॉक्स काढायच्या दिवशी सीएनजीच्या सिलिंडरचा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह बंद करा. मग गाडी सीएनजीवरच चालू ठेवून लाइनमधला गॅस संपलेला असावा. दारं उघडी, उघड्यावर काम. एबीसी पावडरचं छोटं एक्स्टिंग्विशर जवळ असलं तर कोणी हसणार नाही.

कप्लर काढण्याआधी फोटो काढा, पण नुसता एक लांबून नको. प्रत्येक कप्लरचा जवळून, वायरींचे रंग दिसतील असा. मास्किंग टेपवर आकडे लिहून कप्लरला आणि बॉक्सला सारखे लावा. बहुतेक कप्लर दुसऱ्या जागी बसतच नाहीत, पण "बहुतेक" वर विसंबू नये. कुलपाची जीभ दाबून कप्लरच्या अंगाला धरून ओढायचं, वायरींना धरून कधीच नाही. मोठ्या कप्लरला आडवी दांडी असते, ती पूर्ण फिरवली की तो आपोआप वर येतो. जोर लावावा लागत असेल तर समजा कुठेतरी एक कुलूप अजून बाकी आहे.

मेन वायरचा नट शेवटी सोडा, बसवताना मात्र सगळ्यात जास्त लक्ष त्याच्याकडे. लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) स्वच्छ, सपाट, आणि नट पुस्तकात दिलेल्या टॉर्कने. सैल राहिला तर तुमची ब्लोअरची गोष्ट पुन्हा, पण आख्ख्या बॉक्सच्या करंटवर. जास्त आवळला तर प्लास्टिकमधला बोल्टच फिरतो. नव्या बॉक्समध्ये फ्यूज झाकणावरच्या तक्त्याप्रमाणे भरा, जुन्या बॉक्सची नक्कल करू नका, जुन्यात आधीच कोणीतरी हात मारलेला असू शकतो. निळा १५, पिवळा २०, पारदर्शक २५, हिरवा ३०, रंग बघत जा. सीएनजीला वेगळी फ्यूज टॅप वापरा, दोन फ्यूजवाली, आणि ती ब्लोअरवर नको, हलक्या लोडच्या इग्निशनच्या खाचेवर. किटला किती अँपिअर ते त्याच्या वायरिंगच्या नकाशात असतं.

ओहम्_शांती

एक भर. बॅटरीची मायनस सरळ लावू नका. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब घ्या, होल्डरच्या दोन वायरी, एक बॅटरीच्या मायनसला, दुसरी सुटलेल्या मायनस केबलला. किल्ली बंद, दारं बंद, आतला दिवा बंद. कुठे शॉर्ट असेल तर बल्ब लखलखीत पेटेल आणि त्याच्यातून पावणेदोन अँपिअरच्या वर काही जाणारच नाही, म्हणजे नवा बॉक्स वाचला. क्षणभर मिणमिणून विझला तर बिनधास्त केबल जोडा. बल्ब लावलेला असताना किल्ली फिरवायची नाही.

द्राक्षबाग

बल्बची युक्ती वहीत लिहून घेतली.

तर्रीबाज

मी मिसळ संपवून दुसरी मागवली. चालू द्या.

गुलमोहरतळी

झालं काम. पार्ट नंबर जुळवून नवाच घेतला, ऑर्डर देऊन मागवावा लागला. सुदैवाने मॉड्यूल मागे क्लिपांनी वेगळं होतं, जुनंच लावलं, किल्ली पहिल्या फटक्यात ओळखली. मॉड्यूलच्या पिना आश्चर्य वाटावं इतक्या स्वच्छ निघाल्या, पाणी सगळं बॉक्सच्या वरच्या कडेलाच अडलं होतं.

सगळ्यात वेळखाऊ प्रकार कप्लरचा नव्हता, पडून राहण्याचा होता. सीट पूर्ण मागे, डोकं पेडलांमध्ये, पाय मागच्या सीटवर. मोठ्या कप्लरची दांडी अर्ध्यात अडकली तेव्हा तारामंडळ यांचं वाक्य आठवलं आणि खरंच मागच्या बाजूला एक छोटी पांढरी जीभ होती. हार्नेसच्या दोन पिना खोलवर हिरव्या होत्या, त्या एका वायरिंगवाल्याकडून बदलून घेतल्या. ते माझ्या हातचं नव्हतं, क्रिंपिंगचा पाना माझ्याकडे नाही.

बल्ब मिणमिणला आणि विझला.

आता ब्लोअरवर ०.१४ व्होल्ट. झोपलेली गाडी २८ मिलीअँपिअर. एअरबॅगचा दिवा नेहमीसारखा काही सेकंद लागून बंद होतो. काच एका बटनात वर जायची बंद झाली होती, पूर्ण वर नेऊन बटन थोडा वेळ धरून ठेवलं की परत शिकली. आयडलिंग पहिल्या दिवशी थोडं वरखाली झालं, मग ठिकाणावर आलं.

ओझरकर

माझ्याकडे इलेक्ट्रिक गाडी आहे. तिच्यातही असाच बॉक्स दिसतो. तिथेही मायनस काढली की झालं का?

तारामंडळ

नाही. १२ व्होल्टची छोटी बॅटरी आणि फ्यूज बॉक्स तिच्यातही असतो आणि एखादा उडालेला फ्यूज पुस्तकात बघून, गाडी बंद करून, बदलायला हरकत नाही. पण बॉक्स खाली घेण्याचं काम तिथे घरी करू नका. गाडी चार्जिंगला असताना तर हातच नको, तेव्हा १२ व्होल्टची बाजू मोठ्या बॅटरीवरून भरली जात असते. काही गाड्या नुसत्या उभ्या असतानाही मधूनच तसं करतात. नारिंगी आवरणाच्या केबलच्या आसपास काहीही असलं तर प्रशिक्षित माणूसच. हायब्रिडलाही हेच लागू.

जुगाडू_सिडको

मी माझ्या गाडीची काळी जाळी उघडून बघितली. सगळी आंब्याची पानं. बॉक्स अजून कोरडा आहे.

तर्रीबाज

खर्च किती आला शेवटी ते सांगा, लोक त्यासाठीच धागा उघडतात.

गुलमोहरतळी

कोटेशनच्या निम्म्याच्या आत. बॉक्स, फ्यूज टॅप, ग्रोमेट, सिलिकॉन, क्लीनरचा स्प्रे आणि दोन पिनांची मजुरी धरून. पायाखालचा फोम वाळायला मात्र काही केल्या वाळेना, शेवटी गच्चीवर टाकला.

तारामंडळ

जुना बॉक्स टाकला नसाल तर ठेवा. खालच्या ओळीतले रिले चांगले असणार, एखादा अचानक गेला तर उपयोगी पडतात. करपलेल्या खाचेचा तुकडा मला मिळाला तर बरं, दुकानात समोर ठेवतो. मोठा फ्यूज मागायला येणाऱ्याला दाखवायला.

गुलमोहरतळी

ठेवलाय. रविवारी नाशिक रोडला यायचंच आहे, दुकान उघडं असतं ना?

तारामंडळ

दोनपर्यंत.